दोरा नसलेलं थोटूक

सोयाबीन वाळायला लागलं की माझं नाक जागं होतं. दसरा तोंडावर आलेला असतो, पानं गळून वावर तांबूस दिसायला लागतं, शेंगा नुसत्या वाऱ्यानं खुळखुळतात, आणि मी शाळेत येता-जाता उगाच हवा हुंगत राहते. सोबतच्या बाई म्हणतात, सोंगणीचा, कापणीचा वास किती छान येतो नाही? येतो. पण मी तो घेतच नसते. मी त्यात बिडी शोधत असते.

हे नाक मला आईकडून मिळालं. आमचं माळवं असायचं. मेथी, वांगी, सांबार, थोडा मुळा. कोथिंबिरीला आमच्याकडं सांबार म्हणतात. बाकीच्या वावरात सोयाबीन. बाबा कामरगावच्या बाजारातून किंवा वावरातून आले की आई त्यांच्या हातातली बांबूची डालकी घ्यायच्या निमित्तानं पुढं व्हायची आणि एक श्वास जरा लांब घ्यायची. तेवढ्यात तिला सगळं कळायचं. बाबाही कच्चे नव्हते. ते वाटेतच सांबाराच्या चार काड्या चुरडून हाताला, मिशांना चोळून यायचे. मग आई म्हणायची, "सांबार इकाले नेल्ता का अंगाले लावाले?"

"काय व, माणूस थकला-भागला घरी येते अन तू हुंगत बसतं," बाबा म्हणायचे.

हा त्यांचा रोजचा संवाद. त्यात प्रेम होतं असं आता म्हणायला सोपं जातं. तेव्हा मला तो पोलीस आणि चोराचा खेळ वाटायचा, आणि मी अर्थातच पोलिसाच्या बाजूनं होते.

आता मी शिक्षिका आहे, म्हणजे पगारी पोलीस. शाळा तंबाखूमुक्त करायची म्हणून आम्ही फाटकापासून शंभर यार्ड मोजून रस्त्यावर पिवळी रेघ मारली. रेघेच्या आत पान-बिडी विकायची नाही. दुसऱ्या दिवशी पानठेलेवाल्यानं ठेला रेघेच्या पलीकडं सरकवला, अगदी चाक रेघेला टेकवून. वर मलाच म्हणतो, "मॅडम, तुमी फाटकापासून मोजलं, मी बी फाटकापासूनच मोजलं." पोरांना काय, चार पावलं जास्त. कामरगावच्या स्टँडवर 'येथे धूम्रपान करण्यास मनाई आहे' अशी पत्र्याची पाटी आहे. तिच्या आडोशाला, वारा लागू नये म्हणून, काडी पेटवणारा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय. तेव्हापासून पाटी दिसली की मी आधी तिच्या मागं कोण आहे ते पाहते.

बिडी-सिगारेटवर सरकारनं पुरतीच बंदी घालावी की नुसता लगाम लावावा, यावर आमच्या घरी अजून वाद होतो. आई आता थकली आहे, पण या विषयावर तिचा आवाज चढतो. "बंदच करून टाकाव एकदाची," ती म्हणते.

"बंद केली त लोकं चोरून पेतीन," बाबा म्हणतात.

"चोरून पेले त कमी पेतीन."

  मी विकणाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही आणि बंदी घालणाऱ्यावरही नाही. जो विकतो, तोच पाकिटावर सडलेल्या फुप्फुसाचं चित्र छापतो, आणि जो बंदी घालतो त्याच्या खिशात काय आहे ते कोणी पाहत नाही. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला निघालेल्या उंदरांत एखादं मांजरही उभं असतं, असं मला नेहमी वाटत आलंय. तरी बंदीचं नाव निघालं की मला एक हंगाम आठवतो. त्या हंगामात आमच्या एवढ्याशा गावानं स्वतःच बिडीबंदी केली होती, आणि ती पाळली होती.

मी तेव्हा वाशीमला डी.एड.ला होते. दिवाळीला घरी आले होते. सोंगणी उरकत आलेली. सोंगलेलं सोयाबीन वावरात एका जागी उंच रचून ठेवतात, त्या ढिगाला आम्ही सुडी म्हणतो. मळणीच्या थ्रेशरचा नंबर लागेपर्यंत साऱ्या वर्षाचं पीक त्या एका ढिगात उघड्यावर पडून असतं. पावसाची भीती, ढोरांची भीती, आणि सगळ्यात मोठी आगीची. वाळलेली सुडी पेटली की हातात राखच येते. आणि सुडी पेटली की गावात पहिला प्रश्न कशानं पेटली हा नसतो, कोणी पेटवली हा असतो. वैर असलं की माणूस समोर येऊन भांडत नाही, सुडीला काडी लावतो, असं आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक असतं. त्यामुळं त्या दिवसांत सारं गाव एकमेकांकडं तिरपं पाहत असतं. कोण कोणाच्या धुऱ्यावरून गेलं, का गेलं, जाताना इकडं काहून पाहिलं. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध.

त्या दुपारी ऊन चांगलंच तापलं होतं. बाबा शेजारच्या संपतकाकाच्या वावरात मागून आणलेले विळे परत द्यायला गेले होते, ते नुकतेच घरी आले होते. आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. तिनं उठून विळ्यांची रिकामी डालकी घेतली, पाण्याचा तांब्या दिला आणि पुन्हा जुड्या बांधायला बसली. मी चुलीपाशी चहा टाकत होते. आणि मला वास आला. आधी वाटलं, कोणाकडं फुटाणे भाजून राहिलेत. इतका खमंग वास होता तो. तोंडाला पाणी सुटलं माझ्या. मग ओरडा झाला.

संपतकाकाची सुडी जळत होती. पाण्याचे हंडे-गुंड, बादल्या, घमेली घेऊन सगळे पळाले. पण सुडीत पाणी आत शिरत नाही आणि आग आतूनच खाते. शेवटी बाया नुसत्या उभ्या राहिल्या. संपतकाका खाली बसला होता, आणि त्याच्या डोक्यावरून तो फुटाण्यांचा वास गावाकडं जात होता. त्या वासाची मला अजून लाज वाटते. भाजलेलं सोयाबीन कुठंही समोर आलं तरी मी हात लावत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर गाव जमलं. संपतकाकाचा संशय पक्का होता. त्याचा चुलतभाऊ नामदेव. दोघांचा धुऱ्यावरून वाद होता, महिनाभरापूर्वी शिवीगाळ झाली होती.

"हे नामद्याचंच काम हाये," संपतकाका म्हणाला. "तईच मनला होता, पाहून घेतो."

"म्या काहून पेटवू बे?" नामदेव म्हणाला. "माही सुडी तुह्या बाजूलेच हाये. वारा फिरला असता त माही बी गेली असती."

"वारा पाहूनच लावली तू."

माणसं दोन्हीकडं सरकायला लागली. कोणीतरी ठाण्यात जायची गाडी आणायला निघालं. नामदेवची बायको पाराखाली पदर तोंडाला लावून उभी होती. रिपोर्ट झाला असता तर नामदेव आत गेला असता, पुढच्या वर्षी नामदेवच्या पोरांनी संपतची सुडी लावली असती, त्याच्या पुढच्या वर्षी यांनी त्यांची. आमच्या भागात अशी दुश्मनी वावरासारखीच वारसाहक्कानं येते.

तेवढ्यात आई पुढं झाली. सभेत बायका येत नसत असं नाही, पण बोलत नसत. तिनं मूठ उघडली. आत बिडीचं थोटूक होतं.

"थांबा भाऊ. ठाण्यात जाच्या आंधी हे पाहा. सुडीजवळच्या धुऱ्यावर, पयसाच्या बुडाशी सापडलं मले." तिथं एक जुना पळस होता, सावलीचं एकच झाड.

थोटूक या हातातून त्या हातात गेलं. बिडीचा ब्रँड कोणी वाचत नसतं, दोऱ्याचा रंग पाहतात. तोंडाकडच्या बाजूला गुंडाळलेला तो दोरा म्हणजे बिडीची जात. आमच्या गावच्या दुकानात हिरव्या दोऱ्याची मिळायची. बाहेरून येणारा मजूर पिवळ्या दोऱ्याची ओढायचा. बाबा तेवढे कारंज्याला माळवं घेऊन गेले की लाल दोऱ्याची आणायचे. नामदेव हिरवीवाला होता. सगळ्यांनी थोटूक उलटंपालटं करून पाहिलं.

"याचा दोरा कोठी हाये?" संपतकाकानं विचारलं.

"जयला असन. दोरा पाहून काय करता? तुमच्यातला कोणता माणूस वावरात बिडी पेत नाई, ते सांगा अगुदर. आज याची सुडी गेली, उद्या कोनाची बी जाईन. नामदेवभाऊले आत टाकून तुमच्या बिड्या इझनार हायेत का?"

 पारावरच्या प्रत्येकानं मनातल्या मनात काल दुपारी आपण कुठं होतो याचा हिशेब सुरू केला होता. संशय एका माणसावर होता तोवर सगळे बोलत होते. तो सगळ्यांवर आला तसे सगळे शहाणे झाले. तिथंच ठरलं, शेवटचं थ्रेशर गावातून जाईपर्यंत कोणी बिडी-काडी घेऊन वावरात जायचं नाही. सकाळी जाताना काडीपेटी मारुतीपुढं ठेवायची, संध्याकाळी उचलायची. दुकानदारानं दिवसा काडी विकायची नाही. आपापल्या मळणीच्या वेळी ज्याला जमेल त्यानं टोपलंभर सोयाबीन संपतच्या खळ्यावर टाकायचं.

मग ते विचित्र दिवस सुरू झाले. मारुतीपुढं काडीपेट्यांचा ढीग आणि माणसं एकमेकांचे हात हुंगताहेत. नमस्कार करताना बोटांकडं बघताहेत. पळसाच्या बाजूनं कोणी खोकलं तरी चौघं माना वळवायचे. आमच्या घरातला तो खेळ गावभर झाला होता. बंदी अशीच पाळली जाते, दुसरा पाळतो का यावर नजर ठेवून. पण अनेकांनी बिडीची तल्लफ तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर भागवायला सुरुवात केली. बिडी सुटली म्हणून ज्यांच्या बायकांनी मारुतीला नारळ फोडले, त्यांच्या नवऱ्यांच्या गालात खर्रा होता. एक दार लावलं की माणूस खिडकी शोधतो. कायदे करणाऱ्यांनी आधी खिडक्या मोजाव्यात.

एक गोष्ट मात्र चांगली झाली, आणि ती कोणी ठरवून केली नव्हती. सोंगणीत गडीमाणसं मधेच बिडी ओढायला बसत. त्याला कोणी हरकत घेत नसे, बिडी म्हणजे हक्काची सुट्टी. बाया बिडी पीत नव्हत्या, म्हणून त्यांना बसायचं कारण नव्हतं. गडी धूर काढत बसायचे तेव्हा बाया वाकलेल्याच असायच्या. बंदी आली तेव्हा उरलेली सोंगणी करणारे गडी कावरेबावरे झाले. बिडीच नाही तर बसायचं कसं? आमच्या वावरात सोंगायला येणारी कमळामावशी तेव्हा कंबर सरळ करून म्हणाली, "बिडी बंद झाली त बसनं काहून बंद? बसा, अन आमाले बी बसू द्या." सगळे धुऱ्यावर बसले, गुंडातलं पाणी प्यायले. ती बैठक पुढं मोडली नाही. बंदी कधीच विरली, पण अजूनही आमच्याकडच्या वावरांत बाया-गडी एका वेळी बसतात.

बंदी होळीपर्यंत विरली. थ्रेशर गेलं, सुड्या संपल्या, हळूहळू पारावर धूर दिसायला लागला. पण बाबांनी बिडी पुन्हा धरली नाही. कारंज्याच्या डॉक्टरनं त्यांना त्या पावसाळ्यातच बजावलं होतं, बिडी सुटली नाही तर पुढच्या हिवाळ्यात बाजेवर घालून आणावं लागेल. त्यांचा खोकला अर्धा तास थांबायचा नाही, ओठ निळे व्हायचे. आईनं शपथा घातल्या, लाल दोऱ्याची बंडलं चुलीत घातली, काही उपयोग झाला नाही. आणि त्या एका हंगामानंतर माणूस एकदम कोरडा. हिवाळा आला आणि गेला, बाबा चालत-फिरत राहिले. आज त्यांच्या बरोबरीचे बहुतेक गेले, ते आहेत.

म्हणून मी माझ्या मनाशी एक गोष्ट रचली होती आणि वर्षानुवर्षं तिच्यावर खूश होते. मला थोटकाबद्दल एक गोष्ट खटकली होती. ते माझ्याही हातात आलं होतं. दोरा जळाला असता तर पान उलगडलं असतं. हे पान घट्ट गुंडाळलेलंच होतं, आणि तोंडाशी दोऱ्याचा वळ स्वच्छ दिसत होता. म्हणजे दोरा जळाला नव्हता, कोणीतरी नुकताच काढला होता. मी निष्कर्ष काढला की आईनं ते पळसाखाली उचललंच नाही. आमच्याच अंगणाच्या कोपऱ्यातून, बाबा जिथं टाकायचे तिथून आणलं, ओळख पटू नये म्हणून लाल दोरा काढला आणि गावापुढं धरलं. नवऱ्याची छाती वाचवायला तिनं सगळ्या गावावर बंदी आणली. एक खोटं थोटूक दाखवून. मला तिचं फार कौतुक वाटायचं. शपथेनं जे झालं नाही ते कायद्यानं झालं, कायदा केवळ चार लबाड शब्दांवर उभा होता, आणि तरी तो चांगला होता. शाळेत रेघ मारताना मला सारखी ती आठवायची.

या दसऱ्याला सुट्टीत घरी आले. आई तशीच अंगणात, मेथी निवडत बसलेली. आता जुड्या बांधायला बोटं वळत नाहीत. सोयाबीन सोंगून झालंय, सगळीकडं सुड्या उभ्या आहेत. मी तिच्याजवळ बसले, आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते सहज विचारल्यासारखं विचारलं. खरं तर शाबासकी द्यायची होती.

"आई, त्या थोटकाचा दोरा तूच काढला होता ना व?"

तिनं मान वर केली नाही. एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं.

"असू देला असता त आपलं एकट्याचंच घर उठलं असतं," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. अंगणातलं थोटूक तिनं आपणहून नेलं असतं, तर त्यानं घर उठायची वेळच का यावी? लाल दोऱ्याची भीती कशाला? मग कळलं, आणि मी हातातली मेथी खाली ठेवली. ते थोटूक पळसाखालीच सापडलं होतं. लाल दोऱ्यासकट.

ती दुपार पुन्हा समोर आली. बाबा विळे परत करून आले होते, पळसाच्या वाटेनं. आईनं डालकी घेतली होती, नेहमीसारखी जवळ जाऊन. आणि ती काहीच बोलली नव्हती. सांबाराचा टोमणा नाही, भांडण नाही. नुसता पाण्याचा तांब्या. आज वाटतं, त्या दिवशी तिला बिडीचा वास आला होता आणि ती थकून गप्प बसली होती, उद्या बोलू म्हणून. मग थोड्याच वेळात फुटाण्यांचा वास आला. सकाळी, गाव पारावर जमायच्या आधी, ती पळसाखाली जाऊन आली असणार. नवऱ्याला पुढं करायची तिची हिंमत नव्हती. नामदेवला आत जाऊ द्यायची नियत नव्हती. मग तिनं नखानं दोरा काढला आणि बिडीचा गुन्हा सगळ्या गावात वाटून दिला.

"बाबाले माहीत हाये?" मी विचारलं.

"तुह्या बाबाले पाणी नेऊन दे," आई म्हणाली. "संपतभाऊच्या सुडीजवळ बसले असतीन."

बाबा दरवर्षी बसतात. संपतकाकाची सुडी रचली की थ्रेशर येईपर्यंत दिवसभर त्यांची बैठक तिथं. हातात काठी, डोक्याला शेला. घरची सुडी पाहायला कोणी नसलं तरी चालतं, तिथं त्यांना जावंच लागतं. आम्ही भावंडं हसायचो, दोस्ती असावी तर अशी. मला आजवर एकदाही त्याचा संशय आला नव्हता. साऱ्या जगाचे हात हुंगणारी मी!

पाण्याचा तांब्या घेऊन गेले. पळस अजून आहे, एका बाजूनं वाळलेला. बाबा सुडीला पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून बसले होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाताकडं पाहत होते. संपतकाका बाजूला पोत्यावर बसला होता, त्याला आता नीट दिसत नाही. मी तांब्या दिला. सवयीनं पुढं वाकले होते, हुंगायला, ते तिथंच थांबवलं. आता हुंगून मला काय कळणार होतं?

"बाई, तुह्या बापाले घरी ने व," संपतकाका म्हणाला. "ऊन लागते त्यायले. कितीक वर्स झाले, राखूनच राह्यले."

"बसू दे बे," बाबा म्हणाले.

संपतकाका हसला. मग सुडीवर हात फिरवत, माझ्याकडं न पाहता म्हणाला, "एक सांगतो पोरी. तुह्या बापानं बिडी सोडली, तवापासून माही सुडी काई जयली नाई."

मी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. तो सहज बोलला की जाणून, मला सांगता येत नाही. बाबांनी तांब्या तोंडाला लावला होता, तो त्यांनी पाणी न पिता खाली ठेवला. संपतकाकानं तो उचलला, दोन घोट घेतले आणि परत त्यांच्या हातात दिला.

"पे," तो म्हणाला.

बाबा पाणी प्यायले.